सरफोजीराजांचा मृत्युलेख आणि श्वार्ट्झ यांचे घर

१

परदेशी जाऊन धर्मप्रसाराचे कार्य करणाऱ्या पाद्र्यांची चरित्रे आपल्याकडे बहुधा दोन ठराविक दृष्टींनी वाचली जातात. एक दृष्टी भक्ताची. तिला पानोपानी त्याग आणि ईश्वरी योजना दिसते. दुसरी दृष्टी संशयी माणसाची. तिला प्रत्येक शाळेच्या पाठीशी धर्मांतर आणि प्रत्येक दवाखान्याच्या पाठीशी कंपनी सरकारची तोफ दिसते. दोन्ही दृष्टींना हवा तेवढा पुरावा मिळतो; परंतु तो एकाच दप्तरातून. ज्या संस्थांनी ही माणसे पाठविली, त्या संस्थांकडे गेलेली पत्रे आणि अहवाल हाच दोघांचाही आधार असतो. त्यामुळे एक साधा प्रश्न दोघांच्याही हातून सुटतो. हा माणूस जेथे गेला तेथला झाला काय? त्याला तेथे घर मिळाले काय?

या प्रश्नाचे उत्तर पाहुण्याला विचारून मिळत नाही. पाहुणा सौजन्याने 'हे घर माझेच' असे म्हणतो, किंवा गृहविरहाने व्याकूळ होऊन उलटही म्हणतो. खरा साक्षीदार यजमान. त्याने आपल्या भाषेत, आपल्या वाङ्मयप्रकारांत, आपल्या स्मरणाच्या रीतींत त्या परक्याला जागा करून दिली काय, हे पाहावे लागते. आणि म्हणून हा प्रश्न इतिहासाइतकाच वाङ्मयसमीक्षेचाही आहे. तंजावरचे जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ आणि त्यांच्याशी संबंधित असलेल्या दोनतीन रचना यांच्या आधारे हा प्रश्न येथे तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

मराठी वाचकाला या प्रकरणात एक विशेष गोडी वाटावी. श्वार्ट्झ यांचा यजमान मराठी राजा होता. १६७६ साली व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, त्यानंतर श्वार्ट्झ येईपर्यंत पाऊणशे वर्षे लोटली होती. राजवाड्यात मराठी, पाठशाळेत संस्कृत, संगीतात तेलुगू आणि रस्त्यावर तमिळ, अशी या नगरीची व्यवस्था बसली होती. शहाजीराजांच्या (१६८४–१७१२) 'पंचभाषाविलास' नाटकातील पात्रे पाच भाषा बोलतात ती उगाच नव्हे. ज्या घराचा यजमानच केव्हातरी बाहेरून आला आहे, त्या घरात नव्या पाहुण्याला जागा कशी होते, असा हा प्रसंग आहे.

२

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली ब्रँडेनबुर्ग प्रांतातील झोनेनबुर्ग या गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. हाले येथील विद्यापीठात शिकत असताना, तंजावरच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये काम केलेले बेंजामिन शुल्त्से यांच्याजवळ त्यांनी तमिळचे पहिले धडे घेतले. १७५० साली ते तरंगंबाडीस उतरले आणि चारच महिन्यांत त्यांनी तमिळमध्ये पहिले प्रवचन केले. पुढे तिरुचिरापल्ली आणि १७७८ पासून तंजावर, असे त्यांचे मुक्काम झाले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरातच त्यांनी देह ठेवला. अठ्ठेचाळीस वर्षांत ते एकदाही युरोपास परतले नाहीत. त्यांनी लग्न केले नाही. रूढ अर्थाने ज्याला घर म्हणतात, ते त्यांना कधी नव्हतेच.

तिरुचिरापल्लीच्या त्यांच्या बिऱ्हाडाचे एका इंग्रज समकालीनाने केलेले वर्णन चरित्रकारांनी जपून ठेवले आहे. एका जुन्या हिंदू इमारतीतील खोली. तीत त्यांची खाट आणि ते स्वतः एवढेच मावत. उंच माणसाला तीत ताठ उभेही राहता येत नसे. या देशाच्या रीतीने शिजविलेला भात व भाजी हे जेवण आणि काळ्या रंगात रंगविलेले सुती कापड हा पोशाख. वर्णन करणाऱ्याला यात वैराग्य दिसले. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. छावणीतल्या इतर युरोपियनांप्रमाणे येथे युरोपची लहानशी प्रतिकृती उभारण्याचा यत्न या माणसाने केला नाही. परमुलखात स्वतःच्या घराची नक्कल करून राहणाऱ्यास नवे घर सापडत नाही, कारण त्याने जुने सोडलेलेच नसते.

तुळजाजीराजांशी त्यांची पहिली भेट १७६९ साली झाली. राजांचे बोलणे दुभाषा फारसीतून सांगत होता. श्वार्ट्झ यांनी थोड्या वेळाने तमिळमध्ये बोलण्याची परवानगी मागितली आणि संभाषण दुभाष्यावाचून चालू झाले. या दृश्याकडे लक्ष द्यावे. एकाची मातृभाषा जर्मन, दुसऱ्याची मराठी. दरबारी रिवाजाची भाषा फारसी. आणि अखेर दोघे भेटले ते तमिळच्या अंगणात, म्हणजे जी त्या दोघांचीही नव्हती आणि ज्या भूमीवर दोघेही उभे होते तिची होती, त्या भाषेत. पुढे दरबारासाठी श्वार्ट्झ मराठीही शिकले आणि आपला एक तमिळ धर्मसंवाद त्यांनी मराठीत उतरविला, असा उल्लेख त्यांच्या चरित्रात येतो.

येथे मराठी वाचकाला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे साहजिक आहे. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट मराठीत इतका रमला की त्याच्या 'क्रिस्तपुराणा'ची (१६१६) ओवी आजही आपण आपल्या वाङ्मयेतिहासात अभिमानाने मोजतो. स्टीफन्स यांना घर मिळाले ते मराठी छंदात, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने बांधले. श्वार्ट्झ यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या नावावर असा एकही ग्रंथ नाही की जो तमिळ किंवा मराठी रसिक आपला म्हणून हाती घेईल. ते लेखक नव्हतेच. त्यांनी पत्रे लिहिली, प्रवचने दिली, मुलांना शिकविले. तेव्हा त्यांचे घर शोधायचे तर ते त्यांच्या लेखनात न शोधता त्यांच्याविषयी आणि त्यांच्यामुळे इतरांनी जे लिहिले त्यात शोधले पाहिजे.

मात्र त्यांच्या एका पत्राची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १७९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात एका सभासदाने मिशनऱ्यांच्या कामावर टीका केली. तिला उत्तर म्हणून श्वार्ट्झ यांनी १७९४ मध्ये लंडनच्या धर्मज्ञानप्रसारक संस्थेला एक दीर्घ पत्र पाठविले. वादाच्या पत्रात विशेषणांची गर्दी असते. येथे हकिगती आहेत. हैदरअलीच्या स्वारीच्या काळात तंजावरच्या किल्ल्यात उपासमार चालू होती. बाहेर धान्य होते, पण ते आत आणण्यास बैल नव्हते. कारण राजा किंवा कंपनी पैसे देईल यावर रयतेचा विश्वास उरला नव्हता. श्वार्ट्झ यांनी स्वतःच्या नावाने हमी दिली. तेव्हा एकदोन दिवसांत हजार बैल जमले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात पोहोचले. पुढे एकदा जुलमी वसुलीला कंटाळून शेतकरी गावे सोडून गेले होते. तेही याच शब्दावर परत आले. एकाच दिवशी सात हजार माणसे परतली.

चरित्रकार ही हकिगत चारित्र्याचा दाखला म्हणून देतात आणि ते योग्यच आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ याहून खोल आहे. ज्याला स्वतःचे घर नाही, त्याच्या शब्दावर सात हजार माणसे आपापल्या घरी परतली. परक्या माणसाचा शब्द जेव्हा गावात नाण्यासारखा चालू लागतो, तेव्हा तो माणूस परका राहिला नाही असे समजावे.

३

आता मृत्युलेखाकडे वळू. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेला मुलगा, सरफोजी, त्या वेळी जेमतेम दहा वर्षांचा होता. राजांच्या मनात त्याला श्वार्ट्झ यांच्या हवाली करायचे होते. श्वार्ट्झ यांनी ती जबाबदारी तेव्हा घेतली नाही आणि राजांचे बंधू अमरसिंह यांनी कारभार पाहावा असे सुचविले. पुढे अमरसिंहच राजे झाले, दत्तकविधान अशास्त्रीय ठरविण्यात आले, आणि मुलाचे शिक्षण तर राहोच, त्याला मोकळी हवा मिळणेही कठीण झाले. श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे दाद मागितली. अखेर १७९३ साली सरफोजीला मद्रासेस हलविण्यात आले. तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. श्वार्ट्झ यांच्या मृत्यूनंतर साडेचार महिन्यांनी, जून १७९८ मध्ये, सरफोजीराजे गादीवर आले.

राजांनी आपल्या पालकाची दोन स्मारके केली. लंडनचा प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्यांनी संगमरवरी शिल्पपट करवून आणला. तो शिवगंगा तलावाजवळील, श्वार्ट्झ यांनीच बांधलेल्या चर्चमध्ये आहे. त्यात मृत्युशय्येवरचे श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेले राजे दिसतात. दुसरे स्मारक थडग्याच्या शिळेवरील इंग्रजी पद्य. ते राजांनी स्वतः रचले.

काव्य या दृष्टीने पाहिले तर हे पद्य सामान्य आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. छंद बाळबोध आहे. यमके शाळकरी मुलाला सहज सुचावीत अशी आहेत. एका ठिकाणी तर यमक जुळावे एवढ्यासाठीच शब्द भरलेले दिसतात. प्रथम गुणांची यादी, नंतर अनाथ आणि विधवा यांना दिलेल्या आधाराचा उल्लेख, नंतर अंधारात असलेल्यांना मार्ग दाखविल्याचा उल्लेख, अशी त्याची मांडणी. इतके सारे कोणत्याही इंग्रजी दफनभूमीत वाचायला मिळेल. इंग्रज चरित्रकारांनी या पद्याचे कौतुक केले, ते मुख्यतः एका हिंदू राजाने ते लिहिले म्हणून. हे कौतुक समीक्षेच्या कामाचे नाही.

पण पद्याचा शेवट वेगळा आहे. स्तुतीचा परिघ तेथे तीन पायऱ्यांनी आकुंचित होतो. राजेलोकांवरील उपकार, प्रजेवरील उपकार, आणि मग 'माझ्यावरील'. त्यानंतर मृताला थेट पिता म्हणून हाक मारली आहे, त्याच्या योग्यतेचे होण्याची इच्छा व्यक्त केली आहे, आणि अगदी शेवटचा शब्द, ज्यावर यमक मिटते तो शब्द, कवीचे स्वतःचे नाव आहे.

इंग्रजी मृत्युलेखाची रीत अशी नाही. तेथे लिहिणारा मागे राहतो; शिळेवर नाव मृताचे असते, आणि स्मारक उभारणाऱ्याचे नाव आलेच तर ते पद्याबाहेर, खाली, गद्यात येते. पद्याच्या शेवटच्या चरणात यमकासह स्वतःचे नाव गुंफणे ही आपली रीत आहे. ती नाममुद्रा आहे. अभंगाच्या अखेरीस, पदाच्या अखेरीस, भक्त आपले नाव घेतो ते स्वतःला मिरविण्यासाठी नव्हे. ज्याच्या पायाशी तो बसला आहे त्याच्यासमोर स्वतःला उभे करण्यासाठी घेतो. तंजावरच्या दरबारात ही रीत मराठी, तेलुगू, तमिळ या तिन्ही भाषांतील पदांत रोज कानावर पडत होती. सरफोजीराजांनी शब्द इंग्रजी घेतले, छंद इंग्रजी घेतला, स्मारकाची कल्पना ख्रिस्ती घेतली. परंतु निरोप घेण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातून आपोआप अभंगाचा शेवट लिहिला गेला, असे आम्हांस वाटते. हे त्यांनी हेतुपूर्वक केले की नकळत घडले, हा प्रश्न गौण आहे. नकळत घडले असेल तर ते अधिकच बोलके म्हणावे लागेल.

या दृष्टीने कंपनीच्या संचालकांनी मद्रासच्या सेंट मेरीज चर्चमध्ये श्वार्ट्झ यांचे जे स्मारक उभारले, त्याची तुलना उद्बोधक ठरेल. तेथला लेख लांब आहे, भारदस्त गद्यात आहे, आणि श्वार्ट्झ यांनी केलेल्या सार्वजनिक सेवेची त्यात यथायोग्य नोंद आहे. तो एका संस्थेने आपल्या उपयोगी पडलेल्या माणसाला दिलेला दाखला आहे. राजांचे पद्य वृत्तदृष्ट्या कच्चे असूनही त्यात एक माणूस दुसऱ्याशी बोलतो. संस्थेला पाहुण्याचा सत्कार करता येतो. 'वडील' म्हणण्याचा अधिकार घरच्या मुलालाच असतो. राजे अखेरपर्यंत हिंदू राहिले, शिवभक्त राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचे विस्तीर्ण मराठी चरित्र कोरविणारेही हेच राजे होत. श्वार्ट्झ यांच्या अंगीकृत कार्याच्या हिशेबात हा शिष्य म्हणजे अपयशच मांडावे लागेल. परंतु धर्मोपदेशकाला मिळालेले घर त्याच्या अपयशाच्या खात्यातच सापडावे, ही या प्रकरणातील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

४

श्वार्ट्झ यांच्या शाळेतून आणखी एक कवी निघाला. वेदनायकम् शास्त्रियार (१७७४–१८६४) यांना श्वार्ट्झ यांनी तिरुनेलवेलीकडून लहानपणी तंजावरास आणले. ते ख्रिस्ती होते, तमिळ कवी होते, आणि पुढे सरफोजीराजांच्या स्नेहातले होते. राजे आणि शास्त्रियार जवळजवळ समवयस्क. दोघांवर छाया एकाच गुरूची. आणि नवलाची गोष्ट अशी की, दोघांनीही 'कुरवंजी' लिहिली. शास्त्रियारांची 'बेथलेहेम कुरवंजी' तमिळमध्ये, १८०० च्या सुमाराची. राजांची 'देवेंद्र कुरवंजी' मराठीत. ही दुसरी रचना सरस्वती महालाने १९५० साली प्रसिद्ध केली. मराठी समीक्षेने तिची हवी तेवढी दखल अद्याप घेतलेली नाही.

कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा एक प्रकार. याची चौकट ठरलेली असते. नगरातील एखादी सुंदरी मिरवणुकीतून जाणाऱ्या नायकाला पाहते आणि विरहाने झुरू लागते. तेवढ्यात डोंगरात राहणाऱ्या कुरवर जमातीची एक स्त्री येते. ती हात पाहून भविष्य सांगते. पण भविष्य सांगण्यापूर्वी ती आपली ओळख देते. आपला डोंगर, त्यावरचे धबधबे, आपण हिंडलेले देश यांचे वर्णन करते. मग हात पाहते आणि इच्छित वर मिळेल असे सांगते. अखेरीस तिचा नवरा सिंगन पाखरे पकडत, बायकोला शोधत येतो. तिरिकूडरासप्प कविरायर यांची 'तिरुक्कुट्राल कुरवंजी' हा या प्रकाराचा सर्वमान्य नमुना होय. खुद्द सरफोजीराजांना नायक करून रचलेली तमिळ कुरवंजी बृहदीश्वराच्या मंदिरात पिढ्यान्‌पिढ्या नाचली जात असे.

शास्त्रियारांनी या चौकटीत ख्रिस्तकथा बसविली. झुरणारी नायिका म्हणजे भाविकांचा समुदाय, नायक म्हणजे येशू, आणि पाखरे पकडण्याचा विनोदी प्रसंग म्हणजे सुवार्तेच्या प्रसाराचे रूपक. राजांनी त्याच चौकटीत जगाचा भूगोल बसविला. त्यांची कुरवंजी स्त्री आपल्या डोंगराच्या वर्णनावर न थांबता पृथ्वीची खंडे, त्यांतील देश, शहरे, नद्या यांची नावे गात जाते. युरोप आणि अमेरिका मराठी पदांत, दक्षिणी चालींवर, एका भटक्या स्त्रीच्या मुखाने तंजावरच्या राजवाड्यात शिरतात.

'देवेंद्र कुरवंजी'वर रुक्षतेचा आक्षेप येऊ शकतो आणि तो खोडून काढण्याची आमची इच्छा नाही. नावांच्या माळा काव्य होत नाहीत. विरहिणी नायिकेला युरोपातील राजधान्यांची नावे ऐकून काय समाधान वाटणार, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो. शास्त्रियारांच्या रचनेत रूपक आणि भाव एकत्र वाढतात. राजांच्या रचनेत भाव खुंटीवर टांगून ठेवलेला असतो आणि पाठ चालू राहतो. तरीसुद्धा प्रकाराची निवड अचूक आहे हे मान्य केले पाहिजे. नव्या जगाची माहिती द्यायची तर राजांना भूगोलाचे गद्य पुस्तक लिहिता आले असते. त्यांच्याच 'नवविद्याकलानिधी' छापखान्यात १८०६ च्या सुमारास इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने देवनागरीत छापले गेले. तेव्हा साधन हाताशी होते. त्यांनी कुरवंजी निवडली, कारण देशोदेशीची हकिगत सांगणारी परकी व्यक्ती या प्रकारात आधीच बसलेली होती. ती दाराशी येते, तिचे ऐकून घेतात, तिला सूप भरून धान्य देतात.

आमच्या मते श्वार्ट्झ यांचे घर ते हे. दूरदेशाहून आलेला, लोकांचे दुःख ऐकणारा, पुढच्या आशेची गोष्ट सांगणारा माणूस तमिळ वाङ्मयात नवा नव्हता. त्याची भूमिका डोंगरातल्या त्या स्त्रीसाठी आधीच लिहिलेली होती. श्वार्ट्झ यांच्या दोन शिष्यांनी, एकाने त्यांचा धर्म स्वीकारून आणि दुसऱ्याने न स्वीकारता, त्यांच्यापासून मिळालेली विद्या या एकाच स्त्रीच्या तोंडी घातली. दोघांनी परस्परांचे पाहून लिहिले असेल किंवा नसेल. पण गुरूने आणलेले परके ज्ञान घरात घ्यायचे तर ते याच दारातून, हे दोघांनाही उमगले होते. गुरूने एकही ग्रंथ न लिहिता दोन भाषांत ही जागा मिळविली.

५

इतके लिहिल्यानंतर या घराच्या भिंतींकडेही पाहिले पाहिजे. नाहीतर आमचेही वाचन भक्ताचे ठरेल.

पहिली गोष्ट, कंपनीची. १७७३ साली इंग्रजांच्या मदतीने अर्काटच्या नबाबाने तंजावर घेतले आणि १७७६ मध्ये ते तुळजाजीराजांना परत मिळाले, तेही इंग्रजांच्या मर्जीने. श्वार्ट्झ १७७९ साली मद्रास सरकारतर्फे हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास गेले. हैदरने दिलेले पैसे त्यांनी अनाथ मुलांच्या शाळेला दिले, हे त्यांच्या निःस्पृहतेस साजेसेच झाले. पण गेले ते कंपनीचे दूत म्हणून. सरफोजीला न्याय मिळाला तोही कंपनीच्या हातून, आणि त्याची किंमत वसूल झाली. गादीवर आल्यावर दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, मानमरातब आणि नेमणूक एवढे उरले. १८५५ साली तेही संपले. पाहुण्याला घर मिळाले त्याच काळात यजमानाचे राज्य गेले. श्वार्ट्झ यांचा तसा हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ज्या सत्तेच्या आश्रयाने त्यांना चांगले करता आले त्या सत्तेचा स्वभाव त्यांच्या चांगुलपणाने बदलला नाही, हे विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट, जातीची. श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये वरच्या मानलेल्या जातींचे आणि दलित ख्रिस्ती वेगवेगळे बसत. त्यांनी ते सोसले. काळाने हळूहळू हे जाईल, अशी त्या पिढीची भूमिका होती. १८२० नंतरच्या दशकात आलेल्या नव्या मिशनऱ्यांनी ही वहिवाट मोडायला सांगितली, आणि त्याचबरोबर तमिळ चालींवरील कीर्तनांनाही त्यांनी हरकत घेतली. वेदनायकम् शास्त्रियार दोन्ही बाबतींत त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. आमच्या मते गाण्याच्या बाबतीत शास्त्रियारांचे म्हणणे खरे होते आणि जातीच्या बाबतीत नव्या मिशनऱ्यांचे. श्वार्ट्झ यांना मिळालेले घर सर्वांचे सारखे घर नव्हते. त्यात ओसरी आणि माजघर निराळे होते, आणि ओसरीवर बसविलेल्यांनी त्याविषयी कविता लिहिलेली आपल्या हाती नाही. यजमानाच्या रीती जशाच्या तशा उचलल्या की घर लवकर मिळते. पण मग त्या रीतींतले पापही पाहुण्याच्या वाट्याला येते. नव्या मिशनऱ्यांना न्याय कळत होता, गाणे कळत नव्हते. म्हणून त्यांना तंजावरात मठी मिळाली, घर मिळाले नाही.

हाच माप आपल्या लोकांनाही लावून पाहावा. श्वार्ट्झ यांच्या आधी शंभर वर्षे याच नगरीत महाराष्ट्रातून धर्मप्रसारक आले होते. समर्थसंप्रदायाचे भीमस्वामी आणि इतर महंत यांनी तंजावर, मन्नारगुडी येथे मठ स्थापिले. त्यांच्या शिष्यपरंपरेने विपुल मराठी रचना केली. ती सरस्वती महालात आणि अन्य संग्रहांत आहे. आपण तिच्याकडे पाहतो ते महाराष्ट्राचा विस्तार म्हणून, आणि तिचे मोल करतो तेही मूळ महाराष्ट्रातल्या ग्रंथांच्या तुलनेने. पण या महंतांना तंजावरात घर मिळाले काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या मराठी पोथ्यांत नाही. ते तमिळ हरिकथेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकरबुवांचे मराठी कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ कथाकीर्तनाला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ शब्द लेवून त्यात स्थिर झाली, आणि चेन्नईच्या सभांतूनही ती ऐकू येऊ लागली. राजदरबाराने दिलेली इनामे गेली, मठ ओस पडत गेले. राहिली ती दिंडी, कारण तिने तमिळ बोलणे पत्करले.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपणा सर्वांना हा विषय जवळचा आहे. कोणी पिढ्यान्‌पिढ्या येथेच आहेत, कोणी आमच्यासारखे बदलीच्या नोकरीने आले आहेत. आपली मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत, वाचनालये आहेत, ही नियतकालिके आहेत. ती सर्व राखली पाहिजेत, यात वाद नाही. परंतु या लेखनाचे मूल्यमापन करताना आपण बहुधा एकच कसोटी लावतो: पुण्यामुंबईच्या लेखनाच्या जवळ ते कितपत पोहोचले? तंजावरचा हा इतिहास दुसरी कसोटी सुचवितो. ज्या भूमीवर हे लेखन झाले तिच्या एखाद्या वाङ्मयप्रकाराला त्याने आपल्यात जागा दिली काय, आणि तिच्या एखाद्या कवीने आपल्यासाठी जागा केली काय? 'देवेंद्र कुरवंजी' पहिल्या कसोटीवर नापास होते. दुसऱ्या कसोटीवर ती दक्षिणेतील मराठी वाङ्मयातील महत्त्वाच्या रचनांपैकी एक ठरते.

म्हणून आमची सूचना अगदी मर्यादित आहे. मराठी आणि तमिळ दोन्ही जाणणाऱ्या कोणी अभ्यासकाने या दोन कुरवंज्या शेजारी शेजारी ठेवून, पदागणिक, चालीगणिक वाचाव्या. आणि थडग्याच्या शिळेवरील ते कच्चे इंग्रजी पद्यही त्यांच्याच पंक्तीला ठेवावे. तिन्ही रचना एकाच घरातल्या आहेत. त्या आजवर मिशनच्या इतिहासात, तमिळ वाङ्मयेतिहासात आणि मराठी राजवंशाच्या इतिहासात अशा तीन कपाटांत वाटल्या गेल्या. त्यामुळे प्रत्येकीचा अर्थ एकतृतीयांशच वाचला गेला आहे.